साखर कोणी मागितली

इटलीत एका बाईंच्या घरी, रविवारच्या जेवणात, सात माणसांच्या देखत मी शेवयांवर दूध आणि साखर मागितली. नुसती मागितली नाही. आणून दिल्यावर घातली, कालवली आणि सगळ्यांकडे बघत खाल्लीही. ही झाली एक चूक. दुसरी चूक मी अकोल्याला परत आल्यावर केली, आणि ती पाच वर्षं पुरली.

हे आज आठवायचं कारण अंगणात वाळतं आहे. मे महिना लागला की आमच्या जठारपेठेतल्या घराच्या अंगणात दोन बाजा पडतात, त्यांच्यावर धुतलेली जुनी लुगडी अंथरली जातात आणि लुगड्यांवर सरगुंडे येतात. ज्यांनी वऱ्हाडातला उन्हाळा पाहुणा म्हणूनही पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गव्हाची कणीक घट्ट भिजवायची, तिची बारीक दोरी वळायची, ती दोरी गुळगुळीत काडीवर गुंडाळायची आणि अलगद सरकवून काढायची. राहते ती एक पोकळ, वेटोळी नळी. ती कडक वाळवून डब्यात भरायची आणि जावई आला की उकडून आमरसाबरोबर वाढायची. रस नसेल तर दूध, साखर, तूप. तिखटामिठाचा आणि सरगुंड्यांचा संबंध आमच्याकडे कोणी लावत नाही. माझ्या चुकीचं मूळ इथं आहे, असं मी स्वतःला अजूनही सांगत असतो.

सकाळी नऊलाच ऊन अंगणात उतरतं आणि मग कोणाचं ऐकत नाही. दाराला वाळ्याची ताटी लागते, तिच्यावर पाणी मारलं की घरभर ओल्या मुळांचा वास सुटतो. लिंबाखाली कुत्रं जीभ काढून पडलेलं असतं. दुपारी बारा ते चार रस्त्यावर माणूस नाही. दुकानदार फळ्या लावून आत घोरतात. मला या निर्मनुष्य दुपारी नेमकी इटली आठवते. लोकांना वाटतं बर्फ आठवत असेल. पण तिथंही जेवणाच्या वेळेला दुकानं धडाधड बंद व्हायची, खिडक्यांच्या झडपा लागायच्या आणि गाव झोपायचं. पहिल्या दिवशी गवई रस्त्याच्या मधोमध उभा राहून म्हणाला होता, "अरे, हे तं अकोलाच होय. फक्त थंड करून ठेवलं."

सुखदेव गवई आणि मी एकाच गिरणीतले फिटर. गिरणीनं इटलीहून नवी यंत्रं मागवली, तेव्हा ती चालवायची कशी हे शिकायला आम्हा दोघांना सात महिन्यांसाठी त्या कारखान्याच्या गावी धाडलं. गवई बार्शीटाकळीचा. त्याच्या घरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर लागून तेव्हा वर्षच झालं होतं. तिचीच एक लहान प्रत त्याच्या ट्रंकेत होती. अकोल्यात आम्ही एकमेकांना तुम्ही म्हणत होतो. आगबोटीवर चार दिवस दोघांनाही उलट्या झाल्या, पाचव्या दिवशी तो मला "मेला काय बे तू?" असं म्हणाला, आणि तेव्हापासून आम्ही तू झालो. पुढं सात महिने एक खोली, एक कंदिलाएवढी शेगडी आणि कपडे वाळवायला एक दोरी. त्या दोरीवर कोणाचा सदरा कोणाच्या सदऱ्याला लागतो, याचा विचार त्या सात महिन्यांत माझ्या मनात एकदाही आला नाही. तो विचार अकोल्याच्या फलाटावर माझी वाट पाहत बसला होता.

घरमालकीण म्हणजे सिन्योरा. तिकडं बाईंना असंच म्हणतात. आम्ही तेच तिचं नाव धरून चाललो. काळ्या कपड्यातली, धिप्पाड, विधवा बाई. बोलली की चार घरांपलीकडं ऐकू जावं. आम्हाला ती रागावते आहे असं महिनाभर वाटत होतं. मग कळलं, ती लाडानंही तशीच बोलते. म्हणजे थेट वऱ्हाडी. फक्त तिच्या घरात आम्ही काय करावं आणि काय करू नये, याचे नियम आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

ते गवईनं जमवले. त्याच्याकडं निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. पहिल्या पानावर शब्द: लाते म्हणजे दूध, झुक्केरो म्हणजे साखर, ग्रात्सिए म्हणजे उपकार झाले. पुढच्या पानापासून रोजचं शहाणपण. 'कॉफी उभ्यानेच प्यावी, एवढ्याशा कपात देतात म्हणून भांडू नये.' 'कोणाच्या दारात शिरताना पेरमेस्सो म्हणावे.' आणि शेवटी एक स्वतंत्र यादी, मथळा 'करू नये'. 'टोपी पलंगावर ठेवू नये, घरात मरण येते असे मानतात.' 'पाव ताटाशेजारी उलटा ठेवू नये.' 'बाईमाणसाला शेवंती नेऊन देऊ नये, ती तिथे फक्त कबरीवर वाहतात.' यादीत कोणाचं नाव नव्हतं. गवईच्या अक्षरात नियम होते आणि प्रत्येक नियमामागं मी होतो.

शेवंतीचंच घ्या. दिवाळी आली. गावात जिकडंतिकडं शेवंती, पांढरी, पिवळी, टोपल्याच्या टोपल्या. माझे डोळे भरून आले. म्हटलं, या लोकांनाही दिवाळी ठाऊक आहे! मोठा गुच्छ घेतला आणि हसतमुखानं सिन्योरापुढं धरला. तिनं तो घेतला, छातीवर क्रूस काढला आणि आत जाऊन आपल्या नव्वदीच्या बापाला जिवंत आहे का ते पाहून आली.

तर ते रविवारचं जेवण. सिन्योरानं स्वतः लाटलेल्या, कापलेल्या, रुंद शेवया. लोण्यात घोळवलेल्या. वर पांढरा कीस. माझ्या डोळ्यांनी तो सुक्या खोबऱ्याचा ठरवला. वाफ नाकात गेली आणि मी एकदम आईच्या पानावर जाऊन बसलो. खोबरं आहे, शेवया आहेत, मग एवढ्या मोठ्या घरात दूध-साखर विसरली असणार. विसरलेल्या बाईला हळूच आठवण करून देणं, हे पाहुण्याचं काम. माझ्याकडं इटालियन भाषेचे चारच शब्द होते आणि त्यांतले दोन नेमके या कामाचे होते. मी मोठ्यानं म्हणालो, "लाते. झुक्केरो."

सिन्योरा उठली. साखर आणायला नाही. तिनं माझ्या कपाळावर तळहात ठेवून ताप पाहिला. ताप नव्हता. मग तिनं मुकाट्यानं दूध आणि साखर आणून माझ्यापुढं ठेवली. मी ती घातली. पहिल्याच घासाला कळलं की ते खोबरं नव्हे, खारट, उग्र वासाचं वाळकं चीज आहे. पण आता सात माणसं बघत होती. म्हातारा बाप ताट उचलून खिडकीपाशी जाऊन जेवू लागला. गवई माझ्या शेजारी बसला होता. त्यानं तेव्हा काय केलं ते पुढं सांगतो. इथंच सांगितलं तर माझी बाजू आत्ताच पडेल.

अकोल्याला परत आलो. फलाटावर गिरणीची माणसं हार घेऊन उभी. गवईनं माझ्या हातातली ट्रंक घेतली आणि म्हणाला, "तुमी व्हा पुढं." सात महिन्यांचा तू तिथंच, हमालांच्या गर्दीत, कुठं तरी पडला. मी उचलला नाही.

आठ दिवसांनी गिरणीच्या कँटीनमध्ये कोणी तरी विचारलं, "काहो, तिकडं खायाचे हाल झाले असतील?" मी रंगात आलो. म्हणालो, "एकदा काय झालं, आमच्यापुढं शेवया आल्या..." पुढचा शब्द 'मी' होता. तो ओठांपर्यंत आला, त्यानं समोरची वीस तोंडं पाहिली आणि बाहेर पडताना तो 'गवई' झाला. लोक खोखो हसले. हसू माझ्या सांगण्याला होतं आणि वेडेपणा त्याच्या नावावर होता. असा आराम मला कधीच मिळाला नव्हता. गवई तेव्हा नळावर कप विसळत होता. त्यानं तो जरा जास्त वेळ विसळला आणि निघून गेला.

एकदा सोय झाली की ती सुटत नाही. ती गोष्ट मी गिरणीत सांगितली, तिवसा गावी एका लग्नात सांगितली, अमरावतीला सासुरवाडीच्या पंगतीत आमरसाची वाटी हातात घेऊन सांगितली. दर खेपेला साखर वाढत गेली. शेवटी शेवटी माझा गवई सिन्योराकडं लोणचंही मागू लागला होता.

मग पाच वर्षांनी, महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, त्या कारखान्याचं पत्र आलं. दोन वर्षांसाठी माणूस हवा, आणि नाव घालून हवा: गवई. बायकोला आणलं तरी चालेल. माझ्याविषयी पत्रात काही नव्हतं, याचं मला वाईट वाटलं. कुसुमला, म्हणजे आमच्या घरधनिणीला, नवल वाटलं नाही.

गवईची बायको कमल अमरावतीच्या एका शाळेत मास्तरीण. तो अकोल्यात, ती आईपाशी अमरावतीत. बदलीचे अर्ज करकरून थकलेली ती दोघं. शनिवारी संध्याकाळी हा गाडीत बसायचा आणि सोमवारी पहाटे परत. लग्नाला सहा वर्षं झाली तरी सलग महिनाभर एका छपराखाली राहिले नव्हते. इटली म्हणजे त्यांचा पहिला संसार. आणि कमल म्हणाली, मी येत नाही. तिच्याशिवाय जायला गवई तयार नव्हता. कारखान्याला होकार कळवायला आठवडा उरला होता.

गवई आमच्या ओसरीवर आला. पाच वर्षांत तो चार वेळा आला होता आणि चारही वेळा ओसरीवरच्या खुर्चीत बसून गेला होता. मी त्याला आत येऊ नको असं कधी म्हटलं नाही. ये असंही म्हटलं नाही. "तिले घेऊन येतो," तो म्हणाला. "तिकडचं रोजचं कसं असते, तुमी सांगा. माह्यं ऐकत नाई."

मला काय, पर्वणीच. दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून ओसरीवर बसलो. पण तो दिवस सरगुंड्यांचा होता. कुसुमचे हात कणकेत होते, तिला बाहेर येता येईना, म्हणून तिनं आतूनच हाक मारली, "कमलताई, इकडंच या. गवईभाऊ, तुमीबी या." आणि ती दोघं माझ्या अंगावरून, माझ्या ओसरीवरून, सरळ मागच्या अंगणात गेली. एवढं सोपं होतं ते. कमलनं हातपाय धुतले, पदर खोचला आणि काडी उचलली. तिचे सरगुंडे कुसुमपेक्षा सुबक येत होते, हे कुसुमनं कबूल केलं. ती सहसा करत नाही.

मी खुर्ची ओढून लिंबाच्या सावलीत बसलो आणि सुरू झालो. "वहिनी, तिथं घाबरायचं काही नाही. कॉफी उभ्यानं प्यायची. दारात पेरमेस्सो म्हणायचं. टोपी..."

"पलंगावर ठेवाची नाई," कमल म्हणाली. "वहीत हाय. पाठ हाय मले."

निळी वही तिच्या पिशवीत होती. तिनं काडीवरचा सरगुंडा सरकवून लुगड्यावर ठेवला आणि वर न पाहताच बोलली, "भाऊजी, आमच्या शाळेत मास्तरणींच्या खोलीत तुमची ती साखरेची गोष्ट सांगतात. अमरावतीत लय चालते ते. सांगणाऱ्या बाईले ठाऊक नोतं का तो गवई माहा नवरा होय. सगळ्या हसल्या. मलेबी हसा लागलं."

तिनं कणकेची पुढची दोरी काडीवर गुंडाळायला घेतली.

"जिथं यांच्यावर लोक इतके हसले," ती म्हणाली, "तिथं मी जाऊन काय करू? आमच्यावर हसणारे काय इथं कमी होते? शिकली, नोकरीले लागली, तवा कुठं बंद झालं. आता आगबोटीत बसून, समुद्र ओलांडून, पुन्हा हसू घ्याले नाई जात मी."

कुसुमनं माझ्याकडं पाहिलं. "मंग तुमी तं होते न त्या जेवणाले. सांगा न तिले, खरंच का लय हसले लोक?"

गवई भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. "राहू द्या, वैनी," तो म्हणाला. "जुनी गोष्ट होय."

त्यानं तेव्हा नुसतं बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. पाच वर्षांत केव्हाही चाललं असतं. तो मला वाचवत होता, माझ्याच अंगणात, स्वतःचा संसार मोडत. घाम मला उन्हाचा येत होता असं मी आजवर सांगत आलो. सावलीत होतो मी.

"साखर मी मागितली," मी म्हणालो.

कुसुमच्या हातातली काडी थांबली. कमलनं पहिल्यांदा मान वर केली. मग तिनं ओले हात पदराला पुसले, पिशवीतून वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि शाळेत हजेरी घेतात तशी हजेरी सुरू केली.

"टोपी पलंगावर?"

"मी."

"पाव उलटा?"

"मी."

"शेवंती कोनं नेली?"

"मीच."

"दुसऱ्याच्या बागेतले अंजीर तोडू नये?"

"ते दोघांनी," मी जरा सावरून म्हणालो.

"तोडले यानं," गवई भिंतीपासून म्हणाला. "मी फक्त सदरा धरला होता."

"मंग साखरेचं तुमचं नाव कसं आलं?" कमल त्याच्याकडं वळली. "तुमी काहीच केलं नोतं?"

आता मात्र सांगणं भाग होतं. त्या दिवशी म्हातारा बाप ताट घेऊन खिडकीपाशी गेला, तेव्हा गवईनं माझ्याकडं एकदा पाहिलं, साखरेचं भांडं आपल्याकडं ओढलं, दोन चमचे साखर स्वतःच्या शेवयांवर घातली, दूध ओतलं आणि ताट चाटूनपुसून संपवलं. वर सिन्योराला ग्रात्सिए म्हणाला. मग टेबलावरचे लोक मोकळेपणानं हसले, सिन्योराही हसली, आणि माझा वेडेपणा एका माणसाचा न राहता एका देशाची रीत झाला. मी हे सांगितलं. सांगताना वीस तोंडांची गरज लागली नाही.

"काहून खाल्ली तुमी?" कमलनं विचारलं.

गवईनं खांदे उडवले. "हा एकटाच येडा दिसून राहिला होता."

कमल हसली. तोंडाला पदर लावून नाही, चांगली मोकळी हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग कुसुम हसली. मग गवई. मी शेवटी हसलो. माझा नंबरच तो होता. हसणं ओसरल्यावर कमल म्हणाली, "वैनी, वाळले की एक डबा मले भरून द्या. त्या बाईले दाखवतो, आमच्याकडं हे कशासंग खातात."

त्या दुपारी दोघं आतच जेवली. उष्ट्या हातानं बोलत बसली, झळा कमी झाल्यावर निघाली. दारात गवई मला म्हणाला, "येतो बे." पाच वर्षांनी ऐकला तो 'बे'. फाटकाची कडी लावायला मला उगाच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी मी कँटीनमध्ये उभा राहून खरी गोष्ट सांगितली. कोणी हसलं नाही. एक म्हातारा जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मोठं मन हाय तुमचं. गवई चालला म्हणून त्याचं झाकून राहिले." मी जसजशा शपथा घेतल्या तसतसं माझं मन आणखी मोठं होत गेलं. अमरावतीला सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी मात्र पहिल्या वाक्यालाच विश्वास ठेवला.

कमल आणि गवई गेले, त्याच गावी, त्याच सिन्योराच्या घरी, त्याच खोलीत दोन वर्षं राहिले आणि परत आले. बदलीचंही जमलं. आता कमल अकोल्यातच शिकवते, आणि मे महिना लागला की काड्यांचा जुडगा घेऊन सकाळी सातला आमच्या मागच्या अंगणात हजर होते. आत्ताही दोघींच्या गप्पा कानांवर येत आहेत. गवई बाजेच्या कडेला बसून कावळे हाकतो आहे. ते काम खरं तर माझं, पण मी लिहितो आहे. ऊन अजून कोवळं आहे. ओल्या कणकेचा वास सुटला आहे. इतक्या साध्या सकाळसाठी मी पाच वर्षं कसली वाट पाहत होतो, हे आता मलाही सांगता येत नाही.

सरगुंडे वाळत घातले की कुसुम दरवर्षी एक काम करते. डब्यातून कमलचं इटलीहून आलेलं पहिलं पत्र काढते आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचते. कमलचं पत्र म्हणजे शाळेतल्या बाईंचं पत्र. शुद्ध, स्वच्छ, एक काना चुकलेला नाही. आजही वाचून झालं. हवापाणी, शेजार, यंत्रं, आणि शेवटी हे:

"काल सिन्योरांना कुसुमवहिनींचे सरगुंडे दूध, साखर घालून वाढले. त्यांनी दोनदा मागून घेतले. म्हणाल्या, तुमच्याकडे असेच खातात, तर त्या माणसाने तेव्हाच तसे सांगितले का नाही? मी म्हटले, त्यांना खरे सांगायला पाच वर्षे लागतात."